आधी आकडे पाहा, मग अट लिहा

प्रश्न : मी अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना गणित शिकवते आणि आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर त्यांचा कोडिंगचा वर्ग घेते. मुलांना स्क्रॅच, म्हणजे तयार ब्लॉक एकमेकांना जोडून प्रोग्राम बनवण्याची भाषा, चांगली येते. चेंडूचे आणि चक्रव्यूहाचे खेळ त्यांनी स्वतः बनवले आहेत. या सत्रात शाळेने आर्डुइनो उनोचे (प्रोग्राम भरून चालवता येणाऱ्या छोट्या संगणकाचे) काही बोर्ड आणि उजेड, अंतर वगैरे मोजणारे तीसेक प्रकारचे सेन्सर असलेली एक पेटी आणून दिली. आम्ही व्हिडिओ पाहून तारा जोडल्या, दिलेला कोड उतरवून घेतला आणि अंधार झाला की आपोआप लागणारा दिवा तयार केला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण पुढच्या आठवड्यात तो दिवा कसा चालतो हे एकालाही सांगता आले नाही. एका गटाचा दिवा संध्याकाळी सतत लुकलुकत राहिला. दुसऱ्या गटाने वस्तू जवळ आली की वाजणारा बझर बनवला होता, तो समोर काहीच नसताना वाजत होता आणि संगणकावर अंतर शून्य दिसत होते. माझे इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण झालेले नाही, त्यामुळे काही जळेल किंवा कुणाला इजा होईल, ही धास्तीही असते. दुसरा सोपा बोर्ड मागवावा का, मुलांना ब्लॉक सोडून लिखित कोडकडे केव्हा न्यावे, आणि सत्राच्या शेवटी होणाऱ्या प्रदर्शनात काय मांडावे, याबद्दल मार्गदर्शन करावे. – एक गणित शिक्षिका

उत्तर : सप्रेम नमस्कार. दिवा लुकलुकतो आणि बझर उगाच वाजतो, या दोन्ही अडचणींची उत्तरे पुढे देत आहे. परंतु तुमच्या पत्रातली खरी तक्रार वेगळी आहे. आपणच बनवलेली वस्तू कशी चालते, हे मुलांना सांगता आले नाही, ही ती तक्रार होय, आणि तिचे मूळ तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या अज्ञानात नाही. स्क्रॅचमधल्या खेळात चेंडू कुठे आहे, किती वेगाने सरकतो, भिंत कुठे आहे, हे सगळे मुलांनीच ठरवलेले असते, त्यामुळे प्रोग्रामला ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट त्यांनाही ठाऊक असते. सेन्सर जोडला की प्रथमच एक आकडा बाहेरून आत येतो, आणि त्या आकड्याचा अर्थ कोणीतरी लावावा लागतो. तुमच्या मुलांनी उतरवून घेतलेल्या कोडमध्ये 'उजेड ३०० पेक्षा कमी असेल तर दिवा लाव' अशा धर्तीची एक ओळ असणार. हा ३०० आकडा आला कुठून? तो व्हिडिओ बनवणाऱ्याच्या खोलीतून, त्याच्या खिडकीतून आणि त्याने वापरलेल्या रेझिस्टरमधून (विजेच्या प्रवाहाला रोध करणाऱ्या छोट्या भागातून) आला. म्हणजे प्रकल्पातला विचार करण्यासारखा जो एकच निर्णय होता, तो आधीच दुसऱ्या कोणीतरी घेऊन टाकला होता आणि मुलांच्या वाट्याला फक्त तारा जोडणे उरले होते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की पुढचे एकदोन तास प्रोग्राममध्ये 'जर-तर' हा ब्लॉक येऊच देऊ नका. सेन्सरने काय वाचले ते फक्त पडद्यावर दाखवायचे, एवढाच प्रोग्राम असू द्या: वाचा, दाखवा, अर्धा सेकंद थांबा, पुन्हा वाचा. पेटीतले बाकीचे सेन्सर तूर्त कपाटात ठेवा आणि प्रत्येक गटाला फक्त प्रकाशाचा सेन्सर द्या. इंग्रजी आद्याक्षरांवरून ज्याला एलडीआर म्हणतात, तो हा नागमोडी रेघांची छोटी चकती असलेला दोन पायांचा भाग. उजेड वाढला की त्याचा रोध कमी होतो, एवढेच त्याचे काम. त्याचा एक पाय ५ व्होल्टला जोडायचा, दुसरा पाय १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला, म्हणजे बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या पिनेला, न्यायचा, आणि दोघांच्या सांध्यापासून एक तार बोर्डाच्या ए० या पिनेला द्यायची. उनो त्या सांध्यावरच्या ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करते आणि ० ते १०२३ मधला एक आकडा देते. तुम्ही गणित शिकवता, त्यामुळे एका पायरीला किती मिलिव्होल्ट पडतात हा भागाकार मुलांकडून करून घेण्याची संधी तुम्ही सोडणार नाही (ते साधारण ४.९ येतात).

आता मुलांना वही घेऊन बसवा. सेन्सर बाकावर ठेवून आलेला आकडा लिहायचा, मग त्यावर तळहात धरून, मग मूठ घट्ट मिटून, मग खिडकीशी नेऊन, मग टॉर्चखाली. आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा एकदा नव्हे तर लागोपाठ पाच वेळा लिहायचा. पहिल्या पाच मिनिटांतच कोणीतरी विचारेल की बाकावर ६१२ आला, मग ६०८, मग ६१५, तर यातला खरा कोणता? या प्रश्नावर घाईने उत्तर देऊ नका. पुस्तकातल्या उदाहरणात दोरीची लांबी ६ मीटर असते आणि ती ६ मीटरच राहते. इथे मात्र काहीही न हलवता आकडा हलतो, आणि हे मुलांनी प्रथम पाहिलेले असते. छतावरचा दिवा किंचित कमीजास्त होतो, शेजारचा मुलगा वाकला की त्याची सावली पडते, विजेच्या मोजणीत मुळातच थोडी थरथर असते. 'आपला आकडा ६०५ ते ६२० च्या मधे राहतो' असे वाक्य एखाद्या गटाने आपणहून लिहिले, तर त्या दिवसाचे काम झाले असे समजा.

याच तासात आणखी एक प्रयोग करा, तो पुढे फार उपयोगी पडतो. ए० ला लावलेली तार मुद्दाम काढून टाका आणि पडदा पाहायला सांगा. आकडा शून्यावर जाईल अशी मुलांची अपेक्षा असते, पण आकडे येतच राहतात, आणि तेही वाटेल तसे. मोकळ्या पिनेला कोणताही व्होल्टेज ठरवून दिलेला नसतो. आजूबाजूच्या तारा, हाताचा स्पर्श, खोलीतली विजेची उपकरणे यांचा परिणाम ती उचलत राहते. सेन्सर तुटला तरी प्रोग्राम आकडे दाखवतच राहतो, हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, तो पुढे 'कोड बरोबर आहे पण चालत नाही' असे म्हणण्याआधी तार ओढून पाहतो.

यानंतर 'जर-तर' आणा, पण आकडा मुलांनीच ठरवावा. समजा, मुठीत १४० ते १६० येतात आणि बाकावर ६०५ ते ६२०. मर्यादा मधोमध, म्हणजे ३८० च्या आसपास ठेवावी की १७० ला? एक गट म्हणेल मधोमध. दुसरा म्हणेल की संध्याकाळचा अंधार मुठीतल्या अंधारासारखा नसतो, तेव्हा आधी संध्याकाळी मोजू. दुसऱ्या गटाचे म्हणणे अधिक शहाणपणाचे आहे, हे उघड आहे. पण ते तुम्ही सांगण्यापेक्षा वाद होऊ द्यावा आणि दोन्ही गटांचे दिवे खिडकीशी ठेवून कोणाचा केव्हा लागतो ते पाहावे.

लुकलुकणाऱ्या दिव्याचा उलगडा इथेच होतो, आणि त्यामागे दोन कारणे असू शकतात. पहिले असे की मर्यादा ३८० असताना संध्याकाळचा उजेड नेमका ३८० च्या आसपास आला, की वर सांगितलेल्या थरथरीमुळे आकडा ३७८, ३८३, ३७९, ३८१ असा हिंदकळतो आणि प्रत्येक वेळी दिवा लागतो किंवा विझतो. दुसरे कारण अधिक गमतीचे आहे: दिवा सेन्सरच्या शेजारीच लावलेला असतो, तो लागला की त्याचाच उजेड सेन्सरवर पडतो, प्रोग्रामला वाटते की उजाडले, तो दिवा विझवतो, लगेच अंधार होतो आणि पुन्हा दिवा लागतो. यांपैकी कोणते कारण आहे ते मुलांनीच शोधावे. सेन्सर आणि दिवा यांच्यामध्ये जाड काळा कागद उभा धरा. लुकलुकणे थांबले तर दोष दिव्याच्या उजेडाचा, थांबले नाही तर थरथरीचा. काही वेळा कागदाने लुकलुकणे कमी होते पण पूर्ण जात नाही, तेव्हा दोन्ही कारणे एकदम हजर असतात.

थरथरीवरचा उपाय म्हणजे एका मर्यादेऐवजी दोन मर्यादा घेणे. आकडा ३४० च्या खाली गेला तर दिवा लावायचा, ४२० च्या वर गेला तरच विझवायचा, आणि मधल्या पट्ट्यात काहीच करायचे नाही. दिवा जसा असेल तसा राहू द्यायचा. दिव्याचा स्वतःचा उजेड सेन्सरवर पडून आकडा जेवढा वाढतो, त्याहून हा मधला पट्टा रुंद ठेवला तर दुसरे कारणही याच उपायाने मिटते. खोलीचे तापमान सांभाळणारी यंत्रे याच रीतीने चालतात, नाहीतर ती मिनिटामिनिटाला चालू-बंद होत राहिली असती. मुलांना 'काहीच करायचे नाही' हा पर्याय सुचायला वेळ लागतो, कारण स्क्रॅचमध्ये त्यांनी 'जर'ला एक 'नाहीतर' जोडलेला अनेकदा पाहिलेला असतो. तो वेळ त्यांना द्यावा. माझ्या मते या संपूर्ण प्रकल्पात शिकण्यासारखे सर्वांत मोलाचे जे आहे, ते या मधल्या पट्ट्यात आहे.

आता बझरकडे वळू. तुमच्या पेटीतला अंतर मोजणारा सेन्सर बहुधा एचसी-एसआर०४ हा असावा: दोन डोळ्यांसारखे गोल भाग आणि चार पिना. त्याच्या ट्रिग पिनेला १० मायक्रोसेकंदांचा इशारा दिला की तो ४० किलोहर्ट्झच्या, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचे आठ छोटे ठोके सोडतो. दरीच्या काठावर उभे राहून हाक मारावी आणि ती परत यायला किती वेळ लागला ते मोजावे, तसे तो मोजतो, आणि तेवढा वेळ इको ही पिन चालू ठेवतो. २० अंश सेल्सियसला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो; वस्तू १ मीटरवर असेल तर आवाज जाऊन-येऊन २ मीटर चालतो आणि त्याला साधारण ५,८३० मायक्रोसेकंद लागतात. तयार कोडमध्ये वेळेला ५८ ने भागलेले दिसते, ते याच हिशेबातून आलेले आहे, कारण एका सेंटिमीटरच्या अंतराला जाण्यायेण्याचे मिळून सुमारे ५८ मायक्रोसेकंद पडतात. तुमच्या वर्गात हा ५८ कोणीही आयता घेऊ नये. हवा एका अंशाने तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, हेही सांगून टाका. मग ३० अंशाला ५८ च्या जागी काय यावे, हे मोठी मुले काढू शकतील.

शून्य अंतर दिसण्याचे कारण असे, की ठरलेल्या वेळात प्रतिध्वनी परत आलाच नाही, तर अनेक तयार प्रोग्राम उत्तर म्हणून ० देतात. म्हणजे त्या ० चा अर्थ 'वस्तू अगदी चिकटून आहे' असा नसून 'उत्तर मिळाले नाही' असा असतो. समोर मोकळी खोली असेल, मऊ पडदा किंवा लोकरीचा कपडा आवाज शोषून घेत असेल, पुठ्ठा तिरपा धरल्यामुळे आवाज दुसरीकडेच उडत असेल किंवा एखादी तार सुटली असेल, तरी उत्तर मिळत नाही. तुमच्या मुलांच्या कोडमध्ये 'अंतर १० पेक्षा कमी असेल तर बझर वाजव' असे असणार, आणि ० हा १० पेक्षा कमीच आहे. बझरने सांगितल्याप्रमाणे केले! अट बदलून 'अंतर ० पेक्षा जास्त आणि १० पेक्षा कमी' अशी केली की तो गप्प बसेल. हा सेन्सर सुमारे २ सेंटिमीटर ते ४ मीटर एवढ्याच टप्प्यात भरवशाचा असतो, त्यामुळे २ च्या खालचे आकडेही टाकून देणे बरे. पुठ्ठा सरळ, मग तिरपा, मग त्यावर टॉवेल टाकून, असे वाचन मुलांकडून करून घ्या; कोणत्या वस्तू या सेन्सरला 'दिसत नाहीत' याची त्यांनी केलेली यादी कोणत्याही तयार माहितीपत्रकापेक्षा त्यांच्या लक्षात राहील.

याच सेन्सरवर मध्य आणि मध्यक यांतला फरक शिकवून टाका. लागोपाठ पाच वाचने ४२, ४३, ४२, ०, ४३ अशी आली. सरासरी ३४ येते, आणि ३४ सेंटिमीटरवर तर कधीच काही नव्हते. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला तर ४२ मिळतो. मध्यक कशासाठी शिकायचा, असे विचारणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगले उत्तर तुमच्या गणिताच्या तासाला मिळणार नाही.

दुसरा बोर्ड मागवावा का, याबद्दल माझे मत असे की आहे तो बोर्ड टाकून देण्याचे कारण नाही, परंतु शाळेची तयारी असेल तर लहान मुलांसाठी थोडे मायक्रोबिट बोर्ड जरूर घ्यावेत. ब्रिटनमध्ये २०१६ साली अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना हा बोर्ड वाटला गेला, आणि तो बनवतानाच त्या वयाचा विचार केलेला होता. पंचवीस छोट्या एलईडींचा पडदा, दोन बटणे, हालचाल ओळखणारा त्वरणमापक, होकायंत्र आणि तापमान व उजेड वाचण्याची सोय हे सगळे बोर्डावरच असते. २०२० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोफोन आणि स्पीकरही आला. एकही तार न जोडता पहिल्या तासाला आकडे पाहता येतात, हा त्याचा खरा फायदा आहे. मेककोड या त्याच्या संपादकातले (प्रोग्राम तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमधले) ब्लॉक स्क्रॅचच्या मुलांना लगेच ओळखीचे वाटतात, आणि शेजारी पडद्यावरच एक खोटा बोर्ड चालत असल्यामुळे बोर्ड कमी असले तरी गाडी अडत नाही. त्याचे तापमान मात्र आवर्जून खऱ्या तापमापकाशी ताडून पाहायला सांगा. ते प्रत्यक्षात प्रोसेसरच्या आतले तापमान असते, त्यामुळे खोलीपेक्षा थोडे जास्त येते. सेन्सर आपल्याला हवे ते मोजत नाही, तो जिथे बसला आहे तिथले मोजतो, हे या एका उदाहरणावरून मुलांना चांगले कळते.

मायक्रोबिट घेतलेत तर एक पथ्य पाळा: तो ३ व्होल्टचा बोर्ड आहे, आणि वर सांगितलेल्या अंतराच्या सेन्सरची इको पिन ५ व्होल्ट देते, म्हणून ती त्याला थेट जोडू नये. नवे बोर्ड मिळाले नाहीत तर एमब्लॉकसारख्या संपादकातून आर्डुइनोही ब्लॉकने चालवता येतो. आणि बोर्ड अजिबात पुरत नसतील त्या दिवशी एक स्मार्टफोन पुरेसा आहे; जर्मनीतल्या आखेन येथील तंत्रविद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे मोफत ॲप फोनमधल्या सेन्सरांचे आकडे आणि आलेख सरळ पडद्यावर दाखवते.

इजा आणि जळणे यांबद्दलची तुमची धास्ती थोडी कमी करावी असे मला वाटते, पण पूर्ण सोडू नये. यूएसबीचे ५ व्होल्ट किंवा दोन सेलचे ३ व्होल्ट यांनी मुलांना धक्का बसत नाही. भिंतीतल्या प्लगची वीज मात्र या वर्गात कोणत्याही निमित्ताने येता कामा नये, रिलेमधून (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून) सुद्धा नाही, मग घरचा पंखा चालवून दाखवायची मुलांना कितीही हौस असो. तारा बदलताना आधी यूएसबी काढायची, ५ किंवा ३ व्होल्टची पिन आणि ग्राउंड एकमेकांना थेट चिकटू द्यायच्या नाहीत, एलईडीच्या वाटेत २२० किंवा ३३० ओहमचा रेझिस्टर घालायचा, मोटर बोर्डाच्या पिनेवर थेट चालवायची नाही आणि ग्राउंडला नेहमी काळी तार वापरायची. एवढे पाळूनही एखादा एलईडी जाईल. त्याची फिकीर करू नका. बटनासारख्या चपट्या सेलबाबत मात्र कडक राहा, कारण तो लहान भावंडाने गिळला तर फार गंभीर इजा होते. असे सेल मोजून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत.

पेटीतल्या उरलेल्या सेन्सरांपैकी दोघांबद्दल आधीच सावध करतो. मातीचा ओलावा मोजणारा दोन उघड्या धातूच्या काट्यांचा स्वस्त सेन्सर सतत चालू ठेवला तर ओल्या मातीत विजेमुळे गंजतो आणि हळूहळू खोटे आकडे देऊ लागतो. त्याला वाचनापुरतीच वीज द्यावी किंवा कपॅसिटिव्ह प्रकारचा, म्हणजे ज्याचा धातू मातीला उघडा लागत नाही असा, घ्यावा. माणसाची चाहूल ओळखणारा पीआयआर सेन्सर सुरू केल्यावर सुमारे एक मिनिट स्थिरावू द्यावा लागतो, आणि तो माणूस ओळखत नाही, समोरच्या उष्णतेतला बदल ओळखतो. त्याच्यासमोर अगदी निश्चल बसलेला माणूस त्याच्या लेखी खोलीत नसतो. 'मग खोलीत कोणी नसेल तर दिवा बंद करणारा प्रकल्प वाचत बसलेल्या माणसाचे काय करील?' हा प्रश्न मुलांपुढे टाका आणि मजा पाहा.

ब्लॉक सोडून लिखित कोडकडे जाण्याची घाई पालकांना असते, मुलांना सहसा नसते. ब्लॉक म्हणजे खेळणे आणि टंकलेला कोड म्हणजे खरे काम, ही समजूत मला मान्य नाही. मर्यादा, मध्यक आणि दोन अटींमधला मोकळा पट्टा या गोष्टी ब्लॉकमध्ये जितक्या अवघड आहेत तितक्याच पायथनसारख्या लिखित भाषेतही आहेत. मुलाचा प्रोग्राम पडद्यावर मावेनासा झाला, तेच ते ब्लॉक दहा वेळा ओढायचा त्याला कंटाळा येऊ लागला, की वेळ आली असे समजावे. मेककोडमध्ये तोच प्रोग्राम एका बटणावर लिखित रूपात दिसतो. आधी तो नुसता वाचू द्या, मग त्यातली मर्यादा बदलू द्या.

प्रकल्प निवडताना 'स्मार्ट' या शब्दाने सुरू होणारी नावे शक्यतो टाळा, कारण त्यांची उत्तरे आधीच तयार मिळतात. वर्गातल्या कोणत्या बाकावर दुपारनंतर वाचण्याइतका उजेड राहत नाही, दार लावल्याने बाहेरचा आवाज खरोखर किती कमी होतो, असे प्रश्न घ्या, ज्यांचे उत्तर तुम्हालाही आधी ठाऊक नसेल. माझी स्वतःची पसंती पावले मोजणाऱ्या यंत्राला आहे. मायक्रोबिट स्थिर असताना त्याचा त्वरणमापक एकूण सुमारे १००० (गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाच्या एककात) दाखवतो, कारण गुरुत्वाकर्षण तेव्हाही असतेच. चालताना तो आकडा वरखाली होतो, आणि किती वर गेला म्हणजे एक पाऊल धरायचे हे मुलाला ठरवावे लागते. मग पन्नास पावले मोजून चालायचे आणि यंत्राने किती मोजली ते लिहायचे. बोर्ड हातात धरून, खिशात ठेवून, पायाला बांधून तिन्ही आकडे वेगळे येतील. गट दोघातिघांपेक्षा मोठा करू नका, आणि तारा जोडणारा, कोड लिहिणारा व वही लिहिणारा हे दर तासाला बदला, नाहीतर एकाच धीट मुलाच्या हाती सगळे जाते.

गुण देताना यंत्र चालले की नाही याला फारसे महत्त्व देऊ नका. वही पाहा, आणि 'हे कोणत्या परिस्थितीत चुकेल?' एवढे विचारा. ज्या मुलाला आपल्या दिव्याने केव्हा फसवले हे सांगता येते, त्याने तो दिवा स्वतः बनवला आहे यात शंका नाही.

राहिले प्रदर्शन. तिथे अंधाराचा दिवा मांडणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: हॉलमधला उजेड तुमच्या वर्गातल्या उजेडासारखा नसणार, आणि वर्गात ठरवलेल्या मर्यादा तिथे निकामी ठरतील. म्हणून मुलांना प्रोग्राममध्ये एक सोय करायला सांगा. एक बटण दाबले की त्या क्षणाचे वाचन 'उजेड' म्हणून आणि दुसरे दाबले की 'अंधार' म्हणून जतन व्हावे, आणि दोन्ही मर्यादा या दोन आकड्यांच्या मधे प्रोग्रामनेच काढाव्यात: उदाहरणार्थ, अंधाराच्या आकड्यापासून दोघांतल्या फरकाचा ४० टक्के भाग वर गेले की पहिली आणि ६० टक्के वर गेले की दुसरी. मायक्रोबिटवर ही बटणे असतातच. उनोवर ती दोन पिनांना जोडावी लागतील. त्या सकाळी हॉलमध्ये मांडणी झाल्यावर, दिवे लावून आणि दारे उघडी ठेवून, एकदा 'उजेडा'चे बटण दाबायचे आणि मग सेन्सर तळहाताने झाकून 'अंधारा'चे दाबायचे. शेजारी मोजमापांची वही उघडी ठेवा, जादा सेल जवळ ठेवा आणि पाहुण्यांना सेन्सर झाकायला सांगा. आकडा मात्र त्यांना दिसेल असा मोठा ठेवा, दिव्याआधी त्यांनी तो पाहायला हवा.